मुतखडा पलटणीला सांगावा की लपवावा?

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातले हे वाचक ३३ वर्षांचे असून बारा वर्षांपासून भूदलात आहेत आणि सध्या नाईक आहेत. दोन वर्षांपासून त्यांची पलटण राजस्थानच्या सीमेवर आहे. एप्रिलमध्ये रात्रीच्या पहाऱ्यावर असताना त्यांच्या उजव्या कुशीत एकाएकी असह्य कळ आली, ती जांघेपर्यंत उतरली आणि उलट्या झाल्या. युनिटच्या डॉक्टरांना त्यांनी ‘पोट बिघडले आहे’ एवढेच सांगितले आणि पुढे बाहेरच्या एका दवाखान्यातून वेदनाशामक इंजेक्शने घेतली. असे तीनदा झाले. तिसऱ्या वेळी जोडीदाराने त्यांचा पहारा निभावून नेला. मे महिन्याच्या अखेरीस सुट्टीवर गावी आल्यावर केलेल्या सोनोग्राफीत उजव्या मूत्रवाहिनीच्या वरच्या भागात ७ मिलिमीटरचा खडा आणि किडनीला थोडी सूज दिसली. गावाकडच्या सर्जननी लेझरने खडा फोडून आत काही दिवस स्टेंट ठेवावा लागेल असे सांगितले आहे. ऑगस्टमध्ये त्यांचा हवालदारपदाच्या बढतीचा कॅडर, म्हणजे बढतीपूर्वीचा प्रशिक्षणवर्ग, आहे. माजी सैनिक असलेले चुलते म्हणतात, ‘मुतखडा सांगितलास की कॅटेगरी (कमी वैद्यकीय श्रेणी) लागेल आणि बढती जाईल; पाणी पी, कुळथाचे कढण घे.’ दहा दिवसांपासून कळ आलेली नाही आणि सुट्टीचे एकोणीस दिवस उरले आहेत. गुपचूप खासगी शस्त्रक्रिया करून घ्यावी, की खडा पडला असे समजून परत जावे, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्नीला त्यांनी अद्याप काही सांगितलेले नाही.

नमस्कार,

तुमच्या पत्रातला तातडीचा भाग मी तुम्हाला त्याच दिवशी कळवला होता, कारण हे सदर प्रसिद्ध होण्याची वाट पाहिली असती तर सुट्टीचे उरलेले दिवस त्यातच गेले असते. तरीही सगळे उत्तर इथे सविस्तर देतो आहे. उन्हाळ्यात आणि गणपतीच्या सुट्टीत गावी येणारे जवान मला वारंवार हेच विचारतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाला वाटत असते की ही अडचण आपल्या एकट्याचीच आहे.

आधी त्या दहा दिवसांविषयी. कळ थांबली म्हणजे खडा पडला असे तुम्ही धरून चालला आहात, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मुतखड्याची कळ ही मुख्यतः खडा टोचल्यामुळे येत नाही. खड्याने वाट अडवली की त्याच्या वर लघवी तुंबते, किडनीवरचे आवरण एकाएकी ताणले जाते आणि ती जीवघेणी कळ उठते. अडथळा तसाच राहिला तर काही दिवसांनी ती किडनी लघवी कमी तयार करू लागते, आतला ताण उतरतो आणि दुखणे थांबते. म्हणजे खडा पडल्यावरही दुखणे थांबते, आणि खडा जागीच अडकून किडनी हळूहळू हार मानत असली तरीही ते थांबते. बाहेरून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. खडा लघवीतून पडताना तुम्ही पाहिलेला नाही. वाट पूर्ण अडलेली किडनी काही आठवड्यांतच कायमची कामातून जाऊ लागते, आणि वाट अर्धवट अडलेली असली तर तेच नुकसान अधिक सावकाश होते. एप्रिलमधल्या पहिल्या कळीपासून मोजले तर तुमचे सहा आठवडे उलटून गेले आहेत. त्यामुळे लपवावे की सांगावे हा प्रश्न सोडवण्याआधी येत्या दोन दिवसांत बिनाडायचा सीटी स्कॅन, लघवीची तपासणी आणि किडनीचे काम कसे आहे ते दाखवणारी रक्तातल्या क्रिॲटिनिनची तपासणी एवढे करून घ्या. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीतले खडे पुष्कळदा नीट दिसत नाहीत आणि त्यांचा आकारही कमीजास्त मोजला जातो. सीटीमध्ये खडा आहे की नाही, कुठे आहे, किती मोठा आणि किती कठीण आहे, हे सगळे एकाच वेळी कळते.

या काळात थंडी वाजून ताप आला, तर तुमचा प्रश्न काही तासांचा होतो. अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला की तो रक्तात उतरायला वेळ लागत नाही, आणि अशा वेळी नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही. तुंबलेली लघवी नळीवाटे मोकळी करावी लागते. ताप, न थांबणाऱ्या उलट्या, लघवी बंद होणे, किंवा मुळात एकच किडनी असताना कळ येणे, यांपैकी काहीही घडले तर कॅडर, कॅटेगरी आणि सुट्टी यांचा विचार बाजूला ठेवून जवळात जवळचे मोठे रुग्णालय गाठावे, मग ते लष्करी असो वा नागरी.

आता तुमच्या पत्रातल्या एका ओळीविषयी, जी मी सारांशात घेतली नाही. ‘रोज दहा किलोमीटर पळणाऱ्या माणसाला हा म्हाताऱ्यांचा आजार कसा झाला, याची लाज वाटते,’ असे तुम्ही लिहिले आहे. मुतखडा हा म्हाताऱ्यांचा आजार नाही. तो तिशी ते पन्नाशीतल्या पुरुषांत सर्वाधिक आढळतो. आणि सैनिकांच्या बाबतीत त्याचे नाते शरीराच्या ताकदीपेक्षा नेमणुकीच्या जागेशी अधिक आहे. वाळवंटात गेलेल्या अमेरिकी सैनिकांतल्या मुतखड्यांवरचे निरीक्षण १९४५ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. पुढे २००५ मध्ये कुवेत आणि इराक भागात तैनात झालेल्या १८२ अमेरिकी सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना त्या उष्ण प्रदेशात पोहोचल्यापासून मुतखड्याचा त्रास सुरू होईपर्यंत सरासरी ९३ दिवस लागले होते. म्हणजे जेमतेम तीन महिने. तुम्ही तर थरच्या वाळवंटाच्या दोन उन्हाळ्यांतून गेला आहात. त्याच राजस्थानातल्या फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. अशा हवेत शरीरातले पाणी घामावाटे निघून जाते, उरलेली लघवी थोडी आणि दाट होते, आणि त्या दाट लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट आणि युरिक आम्ल यांचे स्फटिक धरू लागतात.

त्यात तुम्ही स्वतःच आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. पहाऱ्यावर असताना लघवीला जावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर तुम्ही पाणीच पीत नाही, आणि व्यायामासाठी प्रोटीन पावडर घेता. पाण्याची ही सवय मी सैनिकांत, पोलिसांत, एसटीच्या चालकांत आणि लांब पल्ल्याचे ट्रक चालवणाऱ्यांत सारखीच पाहिली आहे. कर्तव्य नीट व्हावे म्हणून माणूस तहान मारतो, आणि त्याची किंमत किडनी मोजते. लडाखसारख्या अतिथंड, उंच ठिकाणी तहानच लागत नाही आणि रात्री तंबूबाहेर पडणे नको वाटते, म्हणून तिथेही हेच घडते. स्वच्छतागृहाची सोय नसल्यामुळे पाणी टाळणाऱ्या महिला जवानांना आणि महिला पोलिसांना तर मूत्रमार्गाच्या संसर्गाचीही भीती असते. तेव्हा यात लाजण्यासारखे काही नाही, परंतु सवय म्हणून जे धरले आहे ते मात्र सोडावे लागेल.

आता कॅटेगरीविषयी. तुमच्या चुलत्यांचा सल्ला प्रेमापोटी आलेला आहे आणि त्यांच्या काळात त्याला आधारही होता, हे मी आवर्जून सांगतो. त्या काळी आपल्याकडे मुतखडा काढायचा म्हणजे बहुधा कुशीवर वीतभर छेद घेऊन किडनी उघडावी लागे, स्नायू कापले जात, टाके भरून यायला आणि पूर्वीची ताकद यायला महिने जात, आणि त्या कुशीचे दुखणे पुष्कळांना पुढेही राही. त्या शस्त्रक्रियेनंतर कॅटेगरी लांबत असे, ही त्यांची आठवण खरी आहे. आज तुमच्या आकाराचा खडा छेद न घेता काढता येतो आणि माणूस एकदोन दिवसांत घरी जातो. चुलत्यांना ज्या कॅटेगरीची भीती वाटते ती त्या जुन्या शस्त्रक्रियेची आहे, हे त्यांना समजावून सांगा. बहुधा ते ऐकतील.

सैन्यातली वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांच्या पद्धतीने ठरते: मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी. मुतखड्याचा विचार यांतल्या शारीरिक क्षमतेच्या रकान्यात होतो. कमी श्रेणी तात्पुरतीही असते आणि कायमचीही, आणि या दोहोंत मोठा फरक आहे. तात्पुरती श्रेणी ठरावीक आठवड्यांपुरती असते, तिच्या अखेरीस फेरतपासणी होते, आणि खडा पूर्ण निघालेला असून किडनीचे काम चांगले असेल तर पुन्हा ‘शेप वन’, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त श्रेणीत, येण्याचा मार्ग मोकळा असतो. ‘लो मेडिकल’ म्हटले की बरेच जण ती जन्माची खूण समजतात. तुमच्याबाबतीत मुदत किती असेल आणि कॅडरवर तिचा नेमका काय परिणाम होईल, हे वैद्यकीय मंडळ आणि त्या वेळी लागू असलेले आदेश ठरवतील. म्हणून ऐकीव गोष्टींवर न जाता युनिटच्या हेडक्लार्कना आणि तुमच्या कंपनीच्या सुभेदार साहेबांना चालू आदेश दाखवायला सांगा.

एक गोष्ट मात्र मी गोड शब्दांत झाकणार नाही. ऑगस्टचा कॅडर हातचा जाऊ शकतो. बारा वर्षे घाम गाळून जी संधी येते ती खड्यापायी लांबली तर काय वाटते, हे बाहेरच्या माणसाने हलके मानू नये, आणि मीही मानत नाही. पण तुलना करताना ‘सांगितले तर कॅडर जाईल’ याच्या समोर ‘लपवले तर कॅडर मिळेल’ हे वाक्य तुम्ही ठेवले आहे, आणि तिथे माझा आक्षेप आहे. ऑगस्टच्या उकाड्यात, पळताना, ७ मिलिमीटरचा खडा मूत्रवाहिनीत घेऊन तुम्ही कॅडर पुरा करालच याची खात्री कोण देणार? कळ तिथेच आली तर कॅडरही जाईल आणि लपवल्याचेही उघड होईल. शिवाय पहाऱ्यावर, गस्तीवर किंवा गाडी चालवताना ती आली तर तिचा भार तुमच्या एकट्यावर पडत नाही. वैमानिकांच्या बाबतीत मुतखड्याचे नियम अधिक कडक असतात ते याच कारणाने. तिसऱ्या कळीच्या रात्री तुमच्या जोडीदाराने दोघांचा पहारा एकट्याने केला. ती रात्र शांत होती, म्हणून निभावले.

इतिहासात याचे एक मोठे उदाहरण आहे. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याला मूत्राशयात खडा होता. १८७० च्या जुलैत, प्रशियाशी युद्ध जाहीर होण्याच्या काही दिवस आधी, डॉक्टरांच्या सल्लामसलतीत त्याची शंका लेखी नोंदली गेली होती, पण तो अहवाल बाजूला पडून राहिला. सम्राट सैन्याबरोबर मोहिमेवर निघाला. घोड्यावर बसणेही त्याला यातनांचे झाले होते, आणि २ सप्टेंबर रोजी सेदान येथे तो शत्रूच्या हाती सापडला. ते युद्ध खड्यामुळे हरले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तरी जो आजार अहवालात लिहिलेला होता तो कोणी विचारातच घेतला नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. १८७३ च्या जानेवारीत, खडा फोडण्याच्या शस्त्रक्रिया सुरू असतानाच, तो वारला.

आता गुपचूप शस्त्रक्रियेच्या पर्यायाकडे येतो, कारण तुमचा कल तिकडे आहे असे पत्रावरून दिसते. इथे माझी सर्वांत मोठी चिंता स्टेंटची आहे. दुर्बिणीने खडा फोडल्यावर मूत्रवाहिनीला सूज येते, म्हणून किडनीपासून मूत्राशयापर्यंत एक मऊ, बारीक नळी ठेवतात. तिची दोन्ही टोके वेटोळ्यासारखी वळलेली असतात. ती साधारणपणे काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत काढायची असते. आत असेपर्यंत पळताना, उड्या मारताना आणि ओझे उचलताना लघवीतून रक्त जाऊ शकते, लघवी करताना कुशीत कळ येते आणि वारंवार घाई होते. एकोणीस दिवसांच्या सुट्टीत शस्त्रक्रिया करून स्टेंटसह परत गेलात आणि कोणाला सांगितले नाहीत, तर सकाळच्या पीटीत लाल लघवी झाल्यावर काय उत्तर द्याल? आणि ती नळी काढायला पुन्हा सुट्टी केव्हा मिळेल?

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जवान आला होता. असाच सुट्टीत, असाच कोणाला न सांगता त्याने खडा काढून घेतला होता. डिस्चार्जच्या कागदावर ‘तीन आठवड्यांनी स्टेंट काढणे’ असे लिहिलेले होते, पण तो कागद गावी ट्रंकेत राहिला आणि हा ईशान्येला रुजू झाला. दुखणे राहिले नाही, म्हणून नळी विस्मरणात गेली. माझ्यासमोर आला तेव्हा त्या गोष्टीला जवळजवळ तीन वर्षे झाली होती. त्याचा एक्स-रे मी खिडकीच्या उजेडात धरला तेव्हा नळी नळीसारखी दिसतच नव्हती; पाणी तापवायच्या जुन्या बंबात आतून क्षाराचे थर चढतात तसे तिच्या दोन्ही टोकांवर सुपारीएवढे खडे बसले होते. मूत्राशयातले टोक आधी मोकळे करावे लागले, किडनीतले टोक पाठीतून छिद्र करून फोडावे लागले, आणि सगळे मिळून तीन वेळा भूल द्यावी लागली. जो आजार एका दिवसाच्या दवाखान्यात संपला असता तो लपवण्यापायी चार महिने चालला, आणि श्रेणी व्हायची ती झालीच. त्या मुलाने एक्स-रे पाहून विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘किडनी वाचेल ना?’ ती वाचली, पण तिचे काम पूर्वीइतके राहिले नाही.

लपवण्याची आणखी एक बाजू कागदाची आहे. वार्षिक वैद्यकीय तपासणीत पूर्वीच्या आजाराविषयी विचारतात आणि तिथे खोटे लिहून देणे हा शिस्तीचा विषय होतो. याउलट, कठीण हवामानातल्या नेमणुकीत झालेला आजार जर वेळच्या वेळी लष्करी कागदपत्रांत नोंदला गेला, तर पुढे कधी किडनीला कायमचे नुकसान झाले असता ते सेवेमुळे उद्भवले किंवा सेवेमुळे वाढले का, हे ठरवायला वैद्यकीय मंडळापुढे काही आधार असतो. अपंगत्व निवृत्तिवेतनाचा विचार याच प्रश्नावर होतो. गावच्या दवाखान्यातल्या रोख पावत्यांना त्या दिवशी फारशी किंमत नसेल.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: सांगा, आणि उपचार लष्करी रुग्णालयातून किंवा त्यांच्या माहितीने घ्या. तुमच्या गावाहून बेळगावचे लष्करी रुग्णालय जवळ आहे. पुण्याच्या कमांड हॉस्पिटलकडेही पाठवता येते. सुट्टीवर असलेल्या जवानाने ओळखपत्र, सुट्टीचे प्रमाणपत्र आणि आतापर्यंतचे सगळे अहवाल घेऊन तिथे हजर होणे ही रीतीची गोष्ट आहे. त्यासाठी युनिटला परत जाण्याची वाट पाहावी लागत नाही. निघण्यापूर्वी युनिटच्या डॉक्टरांना फोन करा. ‘पोट बिघडले’ असे आधी सांगितल्याचा संकोच वाटत असेल तर तो पहिल्याच वाक्यात संपवा: ‘साहेब, एप्रिलमध्ये मी पूर्ण सांगितले नव्हते. उजव्या मूत्रवाहिनीत ७ मिलिमीटरचा खडा निघाला आहे, किडनीला सूज आहे, ताप नाही, आतापर्यंत तीन कळा आल्या, बाहेर इंजेक्शने घेतली, आणि ऑगस्टमध्ये माझा कॅडर आहे.’ कॅडरची तारीख त्यांना मुद्दाम सांगा, कारण उपचार, स्टेंट काढणे आणि फेरतपासणी यांच्या तारखा ती तारीख लक्षात ठेवून आखता येतात. पलटणीचा डॉक्टर म्हणजे कॅटेगरी लावणारा अधिकारी एवढेच चित्र अनेकांच्या मनात असते. प्रत्यक्षात तुमचा माणूस म्हणून वरच्या रुग्णालयाशी बोलणारा आणि तारीख मिळवून देणारा तोच असतो.

उपचाराचे पर्याय थोडक्यात सांगतो. ५ मिलिमीटरपर्यंतचे साधारण दोनतृतीयांश खडे आपोआप पडतात. ५ ते १० मिलिमीटरच्या खड्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येते, आणि खडा जितका वर तितकी शक्यता कमी. मूत्रवाहिनी सैल करणाऱ्या टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्या तिच्या खालच्या भागातल्या खड्यांना अधिक उपयोगी पडतात. वाट पाहायची ती चार ते सहा आठवडे, आणि तुमची ती मुदत संपली आहे. सीटीत खडा तिथेच दिसला तर मुख्यतः दोन मार्ग उरतात. पहिला, बाहेरून शॉकवेव्हने खडा फोडणे. जर्मनीतल्या दोर्निये या विमान कंपनीत आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या विमानांवर आदळणाऱ्या थेंबांच्या धक्कालहरींचा अभ्यास चालला होता, त्यातून हे तंत्र निघाले आणि फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला पहिल्या रुग्णावर वापरले गेले. यात छेद नाही, भूलही बहुधा हलकी. पण फुटलेले तुकडे पडायला कित्येक आठवडे लागू शकतात आणि कधी दोनतीनदा बसावे लागते. दुसरा मार्ग म्हणजे लघवीच्या वाटेने दुर्बीण नेऊन लेझरने खडा फोडणे. यात एकाच वेळी सगळा खडा निघण्याची शक्यता अधिक असते, मात्र स्टेंट सहसा लागतो. पाठीतून छिद्र करून खडा काढण्याची पद्धत किडनीतल्या मोठ्या खड्यांसाठी आहे, तिचा तुम्हाला विचार करावा लागू नये. अंतिम निर्णय सीटी पाहणाऱ्या सर्जनचा. तरी तुम्हाला दूरच्या चौकीवर परत जायचे आहे आणि एकही तुकडा मागे राहणे परवडणारे नाही, हे त्यांना सांगा. नागरी रुग्णाला चार तुकडे घेऊन घरी थांबता येते. तुमची गोष्ट तशी नाही, आणि माझा स्वतःचा कल अशा वेळी दुर्बिणीकडे असतो.

वेदनाशामक इंजेक्शनांविषयी एक सूचना. मुतखड्याच्या कळीवर डायक्लोफेनॅक हे चांगले औषध आहे, पण शरीरात पाणी कमी असताना आणि किडनी अडलेली असताना ते पुन्हा पुन्हा घेतले तर किडनीलाच इजा करते. बाहेरच्या दवाखान्यात इंजेक्शन घेताना आपण कशासाठी घेतो आहोत हे तुम्ही तिथेही सांगितले नसेल, असा माझा अंदाज आहे.

कुळथाच्या कढणाबद्दल चुलत्यांना दुखवू नका. ते पातळ असते, पोटात पाणी जाते, आणि आपल्या घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या घेतले जाते. परंतु मूत्रवाहिनीत अडकलेला कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा त्याने विरघळत नाही. विरघळू शकतात ते युरिक आम्लाचे खडे, आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली पोटॅशियम सायट्रेटसारख्या औषधाने लघवीतले आम्ल कमी केल्यावर. बिअरचा सल्ला कोणी दिलाच तर ऐकू नका. तिने त्या दिवशी लघवी वाढते, पण पुढे शरीर अधिक कोरडे पडते आणि युरिक आम्ल चढते. वाट अडलेली असताना भडाभडा पाणी पिऊन खडा ‘ढकलण्याचा’ प्रयत्नही करू नये, त्याने कळ मात्र वाढते.

भरपूर पाण्याची खरी गरज खडा निघाल्यानंतर आहे. एकदा खडा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना पुढच्या पाच ते दहा वर्षांत पुन्हा होतो. इटलीत १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या अभ्यासात, पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ रुग्णांपैकी ज्यांना भरपूर पाणी प्यायला सांगितले होते त्यांच्यात पुन्हा खडा होण्याचे प्रमाण १२ टक्के होते, इतरांत २७ टक्के. इतके स्वस्त औषध वैद्यकशास्त्रात फार थोडे आहे. किती ग्लास प्यायलो हे मोजण्यापेक्षा लघवी किती झाली हे मोजा: दिवसाला दोन ते अडीच लिटर व्हायला हवी आणि तिचा रंग फिक्या लिंबूपाण्यासारखा हवा. थरमध्ये त्यासाठी पाचसहा लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी लागेल. ते दिवसभरात आणि रात्रीतही विभागून प्यावे. श्रमाच्या वेळी तासाला सव्वा लिटरहून अधिक साधे पाणी एकदम रिचवले तर रक्तातले सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकते. रात्रीच्या पहाऱ्याआधी पाणी तोडण्याऐवजी तुमच्या जेसीओंशी (सुभेदार-नायब सुभेदार दर्जाच्या अधिकाऱ्यांशी) बोलून मध्ये दहा मिनिटांची बदली मागा. चौकीवरच्या सगळ्यांनाच ती लागणार आहे, तुम्ही फक्त पहिले विचारणारे व्हाल.

खाण्याबाबत सर्वांत मोठा गैरसमज दुधाचा आहे. खड्यात कॅल्शियम असते म्हणून लोक दूध-दही सोडतात. आहारातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. ते कमी केले तर ऑक्झलेट अधिक प्रमाणात लघवीत येते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका इटालियन अभ्यासात पुन्हा पुन्हा खडे होणाऱ्या १२० पुरुषांपैकी निम्म्यांना कमी कॅल्शियमचा आहार दिला आणि निम्म्यांना नेहमीइतके कॅल्शियम पण कमी मीठ व कमी मांस असा. पाच वर्षांत पहिल्या गटातल्या २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटातल्या १२ जणांना. तेव्हा जेवणासोबत दह्याची वाटी ठेवा, मटण रोज नको, प्रोटीन पावडर बंद करा आणि क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या घेत असाल तर त्याही. मिठाबाबत जवानाला मी सरसकट पथ्य सांगत नाही, कारण लांब पल्ल्याच्या कूचमध्ये घामावाटे मीठ जाते आणि ते भरून काढावेच लागते; पण विश्रांतीच्या दिवशीही ताटात लोणचे, पापड आणि वर फरसाण, याची गरज नसते. दिवसातून एकदोन लिंबांचा रस पाण्यात घ्या, त्यातले सायट्रेट खडा धरण्याला अटकाव करते.

पत्नीला आजच सांगा. त्यांना काळजी नको म्हणून तुम्ही गप्प आहात, पण रात्री तुम्हाला ताप भरला तर गाडी बोलावणार त्याच, आणि त्या वेळी डॉक्टरांना काय सांगायचे हे त्यांना माहीत असायला हवे. शस्त्रक्रिया झाली की डिस्चार्जचा कागद आणि सीटीची सीडी यांची एक प्रत त्यांच्याकडे, दुसरी युनिटच्या डॉक्टरांकडे आणि कागदांचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवा. स्टेंट टाकला असेल तर तो काढण्याची तारीख तिघांनीही आपापल्या कॅलेंडरवर लिहावी.

एक छोटे काम राहिले. सीटीत खडा खाली सरकलेला दिसला आणि डॉक्टरांनी आणखी काही दिवस वाट पाहायला सांगितले, तर लघवी चहाच्या बारीक गाळणीतून गाळत जा आणि सापडलेला खडा कोरड्या डबीत ठेवा. शस्त्रक्रिया झाली तर काढलेले तुकडे मागून घ्या. त्यांचे पृथक्करण करून घ्यावे, आणि सोबत रक्तातले कॅल्शियम व युरिक आम्ल तपासावे. खडा कशाचा होता हे कळल्यावरच पुढे तुम्हाला औषध लागेल की पाण्यावर भागेल ते ठरवता येते. तो अहवाल हाती आला की त्याचा फोटो मला पाठवा.